जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा आवाज आला की लगेच गिअरबॉक्सवर खापर फोडू नका

आधी मोकळी जागा बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल चक्कर मारा. कट-कट-कट आवाज आला तर बहुधा बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) गेलाय. त्याचं रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसेल. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं असेल तर रिकाम्या रस्त्यावर गाडी किंचित डावी-उजवीकडे घ्या. डावीकडे वळताना आवाज वाढला तर संशय उजव्या चाकाच्या बेअरिंगवर, कारण वजन तिकडे जातं. ‘डी’ टाकताना एकच ‘धप्प’ आवाज? इंजिन-गिअरबॉक्सला धरून ठेवणारं रबरी माउंटिंग तपासून घ्या.

यातलं काही नसेल, तर गिअरबॉक्सच्या ऑइलकडे वळा. त्याची डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) असेल तर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. लाल ऑइल तपकिरी होणं चालतं. पण काळं पडून जळका वास येत असेल तर काम वाढलंय. हे ऑइल ‘लाइफटाइम’ आहे, म्हणजे कधी बदलावंच लागत नाही, या शब्दावर माझा विश्वास नाही. साधारण ६० ते ८० हजार किलोमीटरला ऑइल बदलावं, तेही मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच. सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं) ऑइल तर वेगळंच असतं, तिथे ‘चालून जाईल’ चालत नाही.