एसएटीचा स्कोअर पाठवायचा की नाही? प्रत्येक कॉलेजासाठी वेगळं ठरवा

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात भाचीचा मेसेज आला: "मावशी, १४१० आलेत. पाठवू की नको?" ती पुण्यात ज्युनिअर कॉलेजला, बारावीत. अमेरिकेत इंजिनिअरिंगला जायचं ठरलेलं आणि नऊ कॉलेजांची यादी हातात. एसएटी ही अमेरिकन कॉलेजांच्या प्रवेशासाठीची परीक्षा. तिच्यात १६०० पैकी १४१० म्हणजे चांगले की वाईट, हे तिला माझ्याकडून ऐकायचं होतं. पण त्याच १४१० मुळे एका ठिकाणी अर्जाला बळ मिळतं आणि दुसऱ्या ठिकाणी अर्ज मागे पडतो. म्हणून सगळ्या यादीला मिळून एकच उत्तर शोधू नका. दोन संध्याकाळी वही घेऊन बसलो आणि एकेका कॉलेजाचं ठरवत गेलो. तोच क्रम इथे देते.

पहिली पायरी: यादीचे तीन रकाने करा

पहिल्या रकान्यात स्कोअर सक्तीचा असलेली कॉलेजं. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, परीक्षा केंद्रंच बंद पडली तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांनी ही अट उठवली होती. त्यामुळे "आता एसएटी लागत नाही" हे वाक्य आपल्याकडे अजून फिरतं. ते जुनं झालं. एमआयटीने मार्च २०२२ मध्येच अट परत आणली. २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक यांनी तेच जाहीर केलं. आपल्या मुलांच्या यादीत हमखास असणाऱ्या पर्ड्यू आणि जॉर्जिया टेकलाही स्कोअर लागतो. येलमध्ये एसएटी किंवा एसीटीऐवजी (एसीटी ही एसएटीसारखीच दुसरी प्रवेशपरीक्षा) एपी किंवा आयबी या शाळकरी पातळीवरच्या आंतरराष्ट्रीय परीक्षांचे गुण चालतात, पण काहीतरी द्यावंच लागतं. या रकान्यात पाठवायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही, फक्त अर्ज करायचा की नाही एवढंच ठरवायचं. भाचीच्या यादीतलं एमआयटी आम्ही इथेच खोडलं. तिला वाईट वाटलं, मलाही. पण त्या अर्जाचे तास दुसऱ्या निबंधांना मिळाले.

दुसऱ्या रकान्यात स्कोअर न बघणारी कॉलेजं. यात सगळ्यात मोठं नाव युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो ही सगळी मंडळी. तुमचे १५८० असले तरी प्रवेश देताना ते पाहत नाहीत. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचंही तसंच. हा रकाना बाजूला ठेवा.

तिसऱ्या रकान्यात 'टेस्ट-ऑप्शनल' कॉलेजं, म्हणजे दिला तर बघू, नाही दिला तर त्याविना बघू. ही पद्धत कोविडच्या आधीपासूनची आहे. मेन राज्यातल्या बोडन कॉलेजने ती १९६९ मध्ये सुरू केली, शिकागो विद्यापीठाने २०१८ मध्ये. खरा निर्णय फक्त याच रकान्यात घ्यायचा असतो. भाचीच्या नऊपैकी अशी निघाली चार.

रकाने भरताना कॉलेजाच्या स्वतःच्या प्रवेशाच्या पानावरचं, तुमच्या वर्षाचं धोरण वाचा. मागच्या वर्षी गेलेल्या मुलाचं ऐकू नका. ही धोरणं दर वर्षी बदलताहेत.

दुसरी पायरी: कॉलेजाचा आकडा नीट वाचायला शिका

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथे.

बहुतेक कॉलेजं दर वर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा दस्तऐवज प्रसिद्ध करतात. कॉलेजाच्या नावापुढे हे तीन शब्द टाकून शोधलं की सापडतो. त्यातला सी-९ हा भाग उघडा. तिथे प्रवेश घेतलेल्या मुलांचे २५, ५० आणि ७५ पर्सेंटाइलचे स्कोअर असतात (२५ पर्सेंटाइल म्हणजे ज्याच्या खाली पाव मुलं आहेत तो स्कोअर, ५० म्हणजे बरोबर मधला), आणि किती टक्के मुलांनी स्कोअर दिला तेही असतं. सी-७ मध्ये प्रवेशाच्या निर्णयात चाचणीच्या गुणांना किती महत्त्व आहे ते लिहिलेलं असतं.

आता एक उदाहरण. समजा, एका कॉलेजाचे आकडे आहेत १४००, १४७० आणि १५३०. आपल्या घरी लगेच निष्कर्ष निघतो, "निम्मी मुलं १४७० च्या वर, आपण खाली, राहू दे." पण शेजारचा आकडा बघा. स्कोअर दिलेली मुलं समजा ४५ टक्केच. म्हणजे १४७० ही फक्त स्कोअर देणाऱ्यांची मधली रेघ आहे. ज्यांना आपला स्कोअर कमी वाटला त्यांनी दिलाच नाही, त्यामुळे ती रेघ वर सरकली. त्याच वर्गात बसलेली उरलेली ५५ टक्के मुलं या आकड्यांत नाहीतच.

म्हणून मी हिशेब असा धरते. मधल्या आकड्याच्या बरोबरीने किंवा वर असाल तर पाठवा, विचारही करू नका. २५ आणि ५० च्या मध्ये असाल तर माझा कल पाठवण्याकडेच असतो, मात्र पुढची पायरी बघून. २५ च्या खाली असाल तर सहसा पाठवू नका. एसीटी दिली असेल तर त्या परीक्षेचा आकडा वेगळा बघा. एसएटीचे १४१० म्हणजे एसीटीचे साधारण ३१.

तिसरी पायरी: स्कोअर नसेल तर अर्जात काय उरतं?

झाकली मूठ सव्वा लाखाची असं आपण म्हणतो. इथे मूठ झाकली की वाचणाऱ्याची नजर गुणपत्रिकेवर जाते, आणि महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांची गुणपत्रिका तिथे चटकन समजत नाही.

अर्जासोबत नववी ते अकरावीचे गुण आणि बारावीचे अंदाजित गुण जातात. बारावीचा निकाल येईपर्यंत तिकडचे निर्णय मार्चअखेर लागून गेलेले असतात. दहावीला सर्वोत्तम पाच विषय धरतात, वर कला-क्रीडेचे सवलतीचे गुण मिळतात. त्यामुळे ९४ टक्क्यांवरून मुलाची नेमकी ताकद बाहेरच्याला कळत नाही. आणि अकरावी? जेईई आणि सीईटीच्या क्लासच्या धावपळीत कॉलेजचा पेपर कसाबसा दिलेला असतो. भाचीला दहावीला ९३ टक्के, अकरावीला ६८. आपल्याला त्यामागचं कारण ठाऊक असतं, पण हजारो मैलांवर बसून तो कागद वाचणाऱ्याला वाटतं, ही मुलगी घसरली. अशा वेळी गणितातले ७७० हा बाहेरचा, तटस्थ पुरावा ठरतो. अकरावीचे गुण पडलेले असतील आणि एसएटी बरी असेल, तर ती लपवणं मला चूक वाटतं.

उलट, शाळेचे गुण चारही वर्षं भक्कम, आयबी किंवा ए-लेव्हलचे (ब्रिटिश पद्धतीची बारावी) अंदाजित गुण उत्तम आणि एसएटीच तेवढी गडबडलेली असेल, तर तिच्याशिवायचा अर्ज जास्त एकसंध दिसतो.

एकूण बेरजेइतकीच तिची फोड महत्त्वाची. भाचीचे १४१० म्हणजे इंग्रजीत ६४० आणि गणितात ७७०. इंजिनिअरिंगसाठी ही विभागणी चांगली आहे. इतिहास किंवा साहित्यासाठी अर्ज करणाऱ्याचे हेच १४१० मला पाठवावेसे वाटले नसते.

मूल कुठल्या परिस्थितीतून आलं हेही वाचलं जातं. डार्टमथने अट परत आणली ती स्वतःच्या संशोधकांच्या अभ्यासानंतर. कमी साधनांच्या घरांतल्या अमेरिकन मुलांनी १४०० च्या आसपासचे स्कोअर दिलेच नव्हते, आणि दिले असते तर त्यांना फायदा झाला असता, असं त्यात दिसलं. तो अभ्यास भारतातल्या मुलांचा नाही. तरीही लातूर किंवा नंदुरबारला दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून, क्लासशिवाय १३८० मिळवणाऱ्या मुलाने तो आकडा लपवण्याआधी हे लक्षात घ्यावं.

चौथी पायरी: शिष्यवृत्ती आणि इंग्रजीची परीक्षा वेगळी तपासा

प्रवेशाला स्कोअर ऐच्छिक असतो, पण काही विद्यापीठांत गुणवत्तेवरची शिष्यवृत्ती स्कोअरशी बांधलेली असते. फी परवडण्यावर सगळं अवलंबून असेल तर हे पान आधी वाचा. आणि टेस्ट-ऑप्शनल म्हणजे टोफेल किंवा आयईएलटीएसमधून सुटका नव्हे, ती अट वेगळी असते.

पाचवी पायरी: अजून एक प्रयत्न हातात आहे का?

अनेक कॉलेजं वेगवेगळ्या तारखांचे सर्वोत्तम विभाग एकत्र धरतात. भाचीने डिसेंबरमध्ये पुन्हा परीक्षा दिली. इंग्रजी ६९०, गणित ७६०. आधीचे ७७० आणि नवे ६९० मिळून १४६० झाले. १ नोव्हेंबरच्या मुदतीला १४१० गेले आणि जानेवारीच्या अर्जांना १४६०. मात्र काही कॉलेजं सगळे प्रयत्न मागतात, तेव्हा आधी नियम बघा. चौथ्या-पाचव्या खेपेला पोराला बसवू नका. तो वेळ निबंधाला द्या.

सहावी पायरी: फॉर्म भरताना

कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये, स्कोअर स्वतः भरायचे असतात, आणि बऱ्याच टेस्ट-ऑप्शनल कॉलेजांच्या स्वतंत्र प्रश्नांत "स्कोअर विचारात घ्यावा का?" असं विचारलेलं असतं. तिथे प्रत्येक कॉलेजाला वेगळं उत्तर देता येतं. ज्यांना द्यायचा नाही त्यांचा अर्ज पाठवण्याआधी परीक्षांच्या पानावर स्कोअर उरला आहे का, तेही पाहा. शाळेच्या गुणपत्रिकेवर किंवा सरांच्या शिफारसपत्रात आकडा छापून जाणार नाही ना, हे शाळेत जाऊन विचारा. तिकडे कुणी लक्ष देत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते.

भरलेला आकडा अधिकृत स्कोअरशी तंतोतंत जुळला पाहिजे. अनेक कॉलेजं अधिकृत अहवाल प्रवेश पक्का झाल्यावरच मागतात. तो जिथे जायचं ठरलं तिथेच पाठवला की प्रत्येक कॉलेजामागे लागणारी फी वाचते.

भाचीच्या तिसऱ्या रकान्यातल्या चारपैकी तीन कॉलेजांना स्कोअर गेला. चौथ्याचा २५ पर्सेंटाइलचा आकडाच १४९० होता आणि तिथे सी-७ मध्ये चाचणीपेक्षा निबंध आणि शिफारसपत्रं जास्त महत्त्वाच्या स्तंभात होती. तिथे आम्ही तो दिला नाही. त्या अर्जासोबत भौतिकशास्त्राच्या सरांचं पत्र गेलं, दोन पानी, प्रयोगशाळेत तिने दुरुस्त केलेल्या उपकरणांच्या तपशिलासह.