जुनी सादरीकरणे नव्या संगणकावर उघडण्याआधी

जुन्या सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर पडून असलेले सादरीकरण उघडायला घेण्यापूर्वी त्याची नक्कल हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी आणि पुढचे सगळे प्रयोग नकलेवरच करावेत. कारण नव्या प्रोग्रॅममध्ये एकदा ‘सेव्ह’ दाबले गेले, की जुन्या रचनेतला जो भाग त्याला कळला नाही तो त्या फाइलीतून कायमचा जाऊ शकतो. नक्कल एकट्या फाइलीची न करता संपूर्ण फोल्डरची करावी. पॉवरपॉइंट २००३ मध्ये १०० केबीपेक्षा मोठे ध्वनी आपोआप फाइलीबाहेर राहत असत आणि व्हिडिओ तर नेहमीच बाहेर असे, त्यामुळे शेजारच्या किरकोळ वाटणाऱ्या फाइलीच बहुधा सादरीकरणाचा आवाज असतात. नकलेचा आकार शून्य बाइट दिसत असेल, तर दुरुस्तीत वेळ न घालवता दुसरी प्रत शोधावी.

त्यानंतर फाइल खरोखर कोणत्या प्रकारची आहे हे पाहावे, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. नावापुढचे ‘.पीपीटी’ कोणीही बदललेले असू शकते. फाइलीचे पहिले बाइट मात्र सहसा फसवत नाहीत. हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाइलीतले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सुरुवातीला ‘डी० सीएफ ११ ई०’ दिसले, तर ती जुन्या ऑफिसची बायनरी रचना असते. ‘पीके’ ही अक्षरे दिसली, तर आतून ती झिप आहे, म्हणजे बहुधा ऑफिस २००७ पासूनची ‘.पीपीटीएक्स’ रचना. अशा नकलेला ‘.झिप’ नाव देऊन उघडले, की ‘मीडिया’ फोल्डरमधली चित्रे थेट काढून घेता येतात. सादरीकरण उघडत नसले तरीही.

प्रकार योग्य असूनही फाइल उघडत नसेल, तर दोष नेहमी फाइलीचाच असतो असे समजू नये. इंटरनेटवरून किंवा ईमेलने आलेली फाइल विंडोज अडवून ठेवते, तेव्हा ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’ची खूण करावी, अर्थात फाइल विश्वासातली असेल तरच, तसेच पॉवरपॉइंटच्या ‘ऑप्शन्स’मधील ट्रस्ट सेंटरमध्ये, कोणत्या प्रकारच्या फाइली अडवायच्या हे ठरवणारी ‘फाइल ब्लॉक’ची यादीही पाहून घ्यावी. पॉवरपॉइंट ९५ किंवा त्याआधीच्या फाइली आजचे पॉवरपॉइंट वाचत नाही. त्यासाठी पॉवरपॉइंट २००३ असलेला जुना संगणक मिळवून तिथे फाइल ९७–२००३ रचनेत साठवावी आणि मग इकडे आणावी. तो न मिळाल्यास लिब्रेऑफिस इम्प्रेस या मोफत सादरीकरण-प्रोग्रॅममध्ये प्रयत्न करून पाहावा. फाइल बिघडलेलीच असेल, तर ‘ओपन अँड रिपेअर’ वापरावे, आणि तेही निष्फळ ठरल्यास कोऱ्या सादरीकरणात ‘रीयूज स्लाइड्स’ने एकेक स्लाइड ओढून घ्यावी.

फाइल उघडली म्हणजे काम झाले असे मानू नये. युनिकोड ही अक्षरांची सर्वमान्य सांकेतिक पद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला देवनागरी मजकूर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होऊन समोर येतो. तो पुसून पुन्हा टाइप करण्याची घाई न करता जुना फॉन्ट मिळवून बसवावा, कारण मजकूर शाबूत असतो आणि तोच फॉन्ट आला की ओळी जशाच्या तशा दिसू लागतात. जुन्या इक्वेशन एडिटरमधली समीकरणे दिसतात, पण तो घटक २०१८ साली काढून टाकला गेल्यामुळे ती तिथेच दुरुस्त करता येत नाहीत. फ्लॅश या जुन्या अॅनिमेशन-तंत्राला असलेला आधार २०२० अखेरीस संपला, तेव्हा अशी अॅनिमेशने नव्याने करण्यासाठी वेळ राखून ठेवावा.

शेवटी नव्या रचनेतील प्रत वेगळ्या नावाने साठवावी, तिच्यासोबत पीडीएफ काढून ठेवावी आणि जो संगणक प्रत्यक्ष वापरायचा आहे त्यावर पहिल्यापासून शेवटच्या स्लाइडपर्यंत, आवाजासह, एकदा चालवून पाहावी.