हॉर्न वाजला की आधी मास्क

होटगी रोडच्या विमानतळावरून 2025 मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. तेव्हापासून मी सुट्टीला सोलापुरात आले की बारावीतली मुलंमुली आईवडिलांना घेऊन भेटायला येतात. "ताई, पायलट व्हायला काय लागतं?" बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवं, कर्ज काढायच्या आधी मेडिकल करून घ्या, लायसन्ससाठी 200 तासांचं उड्डाण आणि डीजीसीएचे (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे) पेपर लागतात, बारामती, धुळे, गोंदियाला ट्रेनिंग होतं. एवढं कुणीही सांगेल. मी मात्र त्यांना एक विषय जीव लावून शिकायला सांगते. पेपरात तो दोन-चार प्रश्नांत आटोपतो, पण मी उडवते त्या बोइंग 737 वर रोज हाताखाली असतो: प्रेशरायझेशन, म्हणजे केबिनमधला हवेचा दाब राखणं.

35,000 फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या जेमतेम पाव असतो. म्हणून इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून गरम हवा काढतात, तिला ब्लीड म्हणतात. ती पॅक नावाच्या वातानुकूलन यंत्रात थंड होऊन केबिनमध्ये येते, आणि मागच्या बाजूच्या आउटफ्लो व्हॉल्व्हमधून बाहेर जाते. नळ चालू असलेल्या हौदाची पातळी तळाचा कॉक कमीजास्त करून राखावी, तसा हा व्हॉल्व्ह केबिनमधला दाब राखतो. विमान कितीही उंच जावो, आतल्या माणसांना 8,000 फुटांपेक्षा जास्त उंची जाणवू द्यायची नाही.

ब्लीड, पॅक, व्हॉल्व्ह. या तिन्ही जागी वैमानिकांच्या हातून चुका झाल्या आहेत, आणि त्या मी नवख्यांना तपशिलात वाचायला लावते.

ब्लीडची चूक आपल्या मुंबईतली. 20 सप्टेंबर 2018, जेट एअरवेजचं मुंबई–जयपूर विमान. ब्लीडचे स्विच चालूच केले गेले नाहीत. वर चढताना केबिनचा दाब उतरत गेला, मास्क खाली पडले, अनेक प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आलं आणि विमान मुंबईला परतलं. ब्लीड बंद ठेवून टेकऑफ करणं मुळात गैर नाही. आपल्या मे महिन्यासारख्या उन्हात इंजिनाची ताकद घटते, तेव्हा ती वाचवायला मुद्दाम तसं करतात. पण टेकऑफनंतर ते आठवणीने परत लावावे लागतात, आणि नेमकी तेव्हाच कॉकपिटमध्ये कामांची गर्दी असते.

पॅकची चूक 10 जुलै 2018 ची, एअर चायनाच्या हाँगकाँग–दालियन विमानातली. को-पायलट ई-सिगारेट ओढत होता. धूर केबिनमध्ये जाऊ नये म्हणून त्याने कॅप्टनला न सांगता हवा फिरवणारा पंखा बंद करायला हात घातला आणि शेजारचे पॅक बंद केले. विमान तातडीने 10,000 फुटांवर आणावं लागलं. ओढणं चुकीचंच. पण मला त्याहून जास्त खटकतं ते न सांगता स्विचला हात लावणं.

तिसरी, व्हॉल्व्हची, सर्वांत दुःखद. 14 ऑगस्ट 2005, सायप्रसच्या हेलिओस कंपनीचं लार्नाकाहून अथेन्सला निघालेलं 737. रात्री इंजिनिअरने गळतीची तपासणी केली आणि सिलेक्टर, म्हणजे व्हॉल्व्ह आपोआप चालवायचा ('ऑटो') की हाताने हे ठरवणारा स्विच, 'मॅन्युअल'वर राहिला. उड्डाणापूर्वीची तयारी, इंजिन सुरू केल्यानंतरची चेकलिस्ट, टेकऑफनंतरची चेकलिस्ट, तिन्ही वेळा तो सुटला. मॅन्युअलचा दिवा हिरवा असतो. हिरवं दिसलं की नजर पुढे सरकते, आणि मला वाटतं इथे तेच नडलं. चढताना केबिनचा दाब घटल्याचा इशारा देणारा हॉर्न वाजला. पण तोच आवाज जमिनीवर टेकऑफसाठी विमानाची तयारी (फ्लॅप वगैरे) चुकीची असल्यावरही वाजतो, आणि वैमानिकांनी तसाच अर्थ घेतला. जमिनीवरच्या इंजिनिअरने सिलेक्टरबद्दल विचारलं, तेव्हा कॅप्टन उपकरणांच्या कूलिंगच्या सर्किट ब्रेकरची जागा विचारत होता. वैमानिकांची शुद्ध हरपली, विमान कोसळलं, 121 माणसं गेली. पुढे या विमानांत दोन्ही इशाऱ्यांसाठी वेगळे दिवे बसवणं सक्तीचं झालं.

हे वैमानिक मूर्ख नव्हते, एवढं लक्षात ठेवा. ऑक्सिजन कमी पडू लागला की आधी विचारशक्ती मंदावते, आणि ती मंदावल्याचं आपल्यालाच कळत नाही. कधीकधी तर छान, हलकं वाटतं. 35,000 फुटांवर शुद्धीत काम करायला अर्धा ते एक मिनिट मिळतं, 25,000 ला तीन ते पाच. म्हणून हॉर्न का वाजला याचा शोध मास्क लावल्यानंतर. 737 वर क्रम ठरलेला आहे: मास्क, 100 टक्के ऑक्सिजन, एकमेकांशी बोलणं सुरू, मग सिलेक्टर मॅन्युअलवर घेऊन व्हॉल्व्ह बंद, तरीही दाब ताब्यात येत नसेल तर इमर्जन्सी डिसेंट, म्हणजे विमान तातडीने खाली आणणं.

टाइप रेटिंगला, म्हणजे एका विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाला, जाण्याआधी कॉकपिटच्या पॅनलचं पोस्टर भिंतीला लावा. घरचे हसले तरी चालेल, प्रत्येक स्विचवर बोट ठेवून त्याची स्थिती मोठ्याने वाचा. चेकलिस्टला "ऑटो" म्हणताना नजर त्या सिलेक्टरवरच हवी, पाठ केलेलं उत्तर तोंडातून आपोआप निघता कामा नये. आणि सिम्युलेटरमध्ये मास्क लावून बोलायचा सराव मागून घ्या. स्वतःच्या श्वासाचा आवाज कानात घुमतो, माइक मास्कवर घ्यायचा राहून जातो आणि शेजारच्याला काहीच ऐकू जात नाही. इन्स्ट्रक्टर घाईत असले तरी हे एकदा तरी पूर्ण करूनच उठा.