पद्मिनीचा 'टक' आणि हिरवी पट्टी

आमचं घर गोव्यात, पेडण्यात, केरीच्या किनाऱ्याजवळ. खारा वारा थेट गॅरेजात. बाबांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी गाडी, १०८९ सीसीची, अजून मीच सांभाळतो. चतुर्थीच्या तोंडावर तिने चावी फिरवली की नुसतं 'टक' करायला सुरुवात केली. एकाने स्टार्टर (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) काढायला सांगितलं, दुसऱ्याने बॅटरी बदलायला. बॅटरी मी बदललीही. पैसे गेले, 'टक' राहिला.

मग एक गोष्ट खटकली: स्टार्ट मारताना हेडलाइट जराही मंद होत नव्हते. म्हणजे बॅटरीत दम आहे, पण करंट स्टार्टरपर्यंत पोचतच नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू होऊ नये म्हणून कॉइलची बारीक वायर काढून ठेवली. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. मुलाला म्हटलं, "मार रे स्टार्टर!" काटा ८ व्होल्टच्या वर! चांगल्या अर्थिंगला, म्हणजे करंट इंजिनातून बॅटरीकडे परतायच्या वाटेला, अर्धा व्होल्टही जास्तच. निगेटिव्ह खांब ते बॉडी मोजलं तर जेमतेम ०.१. गुन्हेगार म्हणजे इंजिन आणि बॉडीमधली तांब्याची विणलेली पट्टी. खात्रीसाठी जंपर केबलने इंजिन थेट निगेटिव्हला जोडलं, तर स्टार्टर गरगर फिरला.

पट्टी आतून हिरवी पडून पार कुजली होती. नवी घातली, दोन्ही टोकांखालचा रंग-गंज पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासला, बोल्ट आवळून वर व्हॅसलिन चोपडलं. आधी व्हॅसलिन लावू नका, धातूला धातू भिडू द्या.

जुनी बॅटरी आता भावाच्या गाडीत मजेत आहे.