बर्फावरची मासेमारी: पहिल्याच हंगामात या चुका टाळा

गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला निघालेला नवखा माणूस आधी गळाची काठी घेतो, मग बर्फाला भोक पाडायचं गिरमिट, मग तंबू. पहार आणि आइस पिक (पाण्यात पडल्यास बर्फात रोवून वर यायचे खिळे) शेवटी, तेही पैसे उरले तर. खरेदीचा क्रम नेमका उलटा हवा.

काठावर बर्फ मोजला आणि निघाले

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. चालत जायचं तर नवा, काचेसारखा पारदर्शक बर्फ किमान ४ इंच जाड लागतो. पण काठाशी ४ इंच मिळाला म्हणून मध्यावरही तेवढाच असेल असं नाही. ओढा येऊन मिळतो तिथे, तळाशी झरा असेल तिथे, लव्हाळं किंवा खांब वर आलेत त्यांच्या भोवती तो पातळच असतो. म्हणून पहार हातात ठेवा, दर एक-दोन पावलांनी पुढे जोरात ठोका. टोक आरपार गेलं तर आल्या वाटेनेच मागे फिरा.

जाडी अंदाजाने सांगू नका. भोक पाडा, टेप आत सोडून तिचं टोक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवा आणि वाचा. वरचा थर दुधी असेल तर तो अर्धाच धरा, त्याची ताकद जवळपास निम्मीच असते. वर आभाळातून पडलेला भुसभुशीत बर्फ साचला असेल तर तो गोधडीसारखं काम करतो, खालचा थर लवकर जाड होत नाही. आणि 'कालची पावलं दिसतायत की' हा पुरावा नव्हे.

आइस पिक बॅगेत

दोन मुठी, प्रत्येकीच्या टोकाला खिळा, मध्ये दोरी. ही जोडी गळ्यातच हवी, बॅगेतली काय कामाची? पाण्यात पडलात तर पहिलं मिनिटभर धाप लागते, तेव्हा फक्त श्वास सांभाळा. त्यानंतर हातपाय नीट चालतात ते साधारण १० मिनिटं. आलात त्याच बाजूला तोंड करा, कारण त्या बर्फाने तुमचं वजन पेललं होतं. पाय मारत आडवे व्हा, खिळे रोवून अंग वर ओढा आणि लोळत दूर जा. उभं राहायची घाई नको.

कपडे आणि शेगडी

सुती कपडे भिजले की ऊब संपली. आत लोकर किंवा सिंथेटिक घाला. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर पाय उलट जास्त गारठतात. बंद तंबूत गॅसची शेगडी पेटवायची असेल तर हवा खेळती ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. त्या वायूला वास नसतो, डोकं दुखायला लागलं तरी माणूस थंडीला दोष देत बसतो.

गिरमिट नुसतंच फिरतंय

बहुतेक वेळा पातं बोथट झालेलं असतं: वाळूला घासलेलं, नाहीतर ओलं ठेवून गंजलेलं. पुसून, टोपण घालूनच ठेवा. लहान माशांना ६ इंची भोक पुरतं. ८ इंची हाताने पाडताना दम निघतो.

मासा चावतोय, कळत नाही

दोरा जाड आहे. थंडीत तो ताठ होतो, वेटोळी सुटत नाहीत. लहान माशांसाठी २ ते ४ पाउंडी (म्हणजे तेवढा ताण पेलणारा) दोरा आणि २४ ते ३० इंचांची काठी घ्या. भोकावर जमणारा बर्फ झाऱ्याने काढत राहा. दोरा ज्यांतून जातो त्या काठीच्या कड्या गोठल्या तर टोक पाण्यात बुडवून हलवा, हवेपेक्षा पाणी गरमच असतं. आपटून बर्फ काढायला गेलात तर टोक मोडतं.