खाज म्हणजे फंगसच? लायकेन स्क्लेरोससच्या या चुका टाळा

"खाली खूप खाजवते जी मॅडम, फंगसची ट्यूब लिहून द्या." नागपुरात, धंतोलीतल्या आमच्या ओपीडीत हे रोजचंच. तपासल्याशिवाय मी ट्यूब लिहीत नाही.

इतवारीच्या एका काकूंनी कित्येक वर्षं मेडिकलवाल्याकडून मलमं नेली. त्या सगळ्या ट्यूबांत फंगसचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र होतं. स्टिरॉइडनं चार दिवस आराम पडायचा, की ट्यूब बंद. खाज परत आली, की नवी ट्यूब. मध्ये डॉक्टरही झाले, पण टेबलवर झोपवून कुणी पाहिलंच नाही. मी पाहिलं तेव्हा कातडी पांढरी, सिगारेटच्या कागदासारखी सुरकुतलेली, खाजवून जांभळे डाग पडलेले. योनीचे आतले ओठ जवळजवळ नाहीसे झाले होते, योनीचं तोंड आवळलं होतं. हाच लायकेन स्क्लेरोसस, योनीबाहेरच्या कातडीचा जुनाट आजार; फंगस नव्हे. काकू म्हणाल्या, "वय झालं, असंच असते." असं नसतं! गेलेला आकार मलमानं परत येत नाही, म्हणून मला याचा इतका राग येतो. रात्री वाढणारी खाज, पांढरे चट्टे, संबंधाच्या वेळी चिरा, हे दिसलं की त्वचारोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा. मेडिकल चौकातल्या सरकारी दवाखान्यातही त्वचारोग विभाग आहे.

दुसरी चूक घाईची. खाज थांबली की मलम बंद, किंवा डबीतला कागद वाचून "स्टिरॉइड आहे" म्हणून पहिल्याच दिवशी बंद. इथे क्लोबेटासॉल ०.०५ टक्के हे तीव्र स्टिरॉइडच मुख्य औषध आहे. मी क्रीमपेक्षा ऑइंटमेंट देते, चुरचुर कमी होते. ४ आठवडे रोज रात्री, ४ आठवडे एक दिवसाआड, मग ४ आठवडे आठवड्यातून दोनदा. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ, बस. ३० ग्रॅमची ट्यूब एवढ्या काळाला पुरते. लवकर संपली तर जास्त लावताय, उरली तर टाळताय. पहिल्यांदा आरसा धरून जागा मी स्वतः दाखवते. पुढे बहुतेकींना आठवड्यातून एक-दोनदा चालूच ठेवावं लागतं.

डेटॉल, तुरटी, कडुलिंबाचं गरम पाणी, सुगंधी वॉश: सगळं बंद. साधं पाणी आणि व्हॅसलीन.

मे महिन्यात सिंथेटिक चड्डी नको, सुती घाला.

नवऱ्याला लागत नाही, हा संसर्ग नाही. घरात त्यावरून भांडणं होतात म्हणून सांगते.

पाळी न आलेल्या मुलींनाही हा आजार होतो. मुलगी शी करताना रडत असेल तर तिथली कातडी बघा.

वर्षातून एकदा तपासणी हवीच. थोड्या बायकांत, ५ टक्क्यांहून कमी, पुढे कॅन्सर होतो. गाठ आली किंवा जखम भरत नसेल, तर वर्षाची वाट न पाहता तिथल्या कातडीचा तुकडा तपासून (बायोप्सी) घ्या.