महापालिकेविरुद्धच्या दिवाणी कामात या चुका टाळा

कोल्हापूरच्या दिवाणी न्यायालयात मी बरीच वर्षे वकिली करीत आहे. त्यातील काही वर्षे एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्या वकील पॅनेलवर होतो, त्यामुळे नागरिकाचा दावा समोरच्या बाजूने कसा वाचला जातो हेही जवळून पाहिले. या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, असे दावे साक्षीपुराव्यात जेवढे हरतात, त्याहून अधिक दाखल होण्यापूर्वीच्या महिना-दोन महिन्यांत हरलेले असतात. नोटीस, मुदत, मिळकतीचे वर्णन आणि योग्य न्यायालयाची निवड या गोष्टी पक्षकाराला किरकोळ वाटतात, नवख्या वकिलालाही वाटतात, आणि कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल करताना महापालिकेचा वकील सर्वांत आधी नेमके त्यांच्यावरच बोट ठेवतो.

नोटिशीची चूक मी स्वतः केली आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ४८७ प्रमाणे, या कायद्याखाली केलेल्या कृत्याबद्दल महापालिकेवर दावा लावायचा असेल, तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते, नोटिशीनंतर एक महिना जाऊ द्यावा लागतो आणि दाव्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. सुरुवातीच्या काळात एका मावशींच्या पिठाच्या गिरणीची पत्र्याची शेड पाडल्याबद्दल नुकसानभरपाईचे काम माझ्याकडे आले. मी नोटीस टाईप करून घेतली आणि जवळ पडते म्हणून महापालिकेच्या विभागीय कार्यालयात नेऊन दिली. पोचेच्या प्रतीवर आवक क्रमांक होता, तारीख होती, निळा गोल शिक्का होता. तो शिक्का पाहून मी निश्चिंत झालो. महापालिकेला द्यावयाची नोटीस मुख्य कार्यालयात पोहोचली पाहिजे, असे त्याच कलमात लिहिले आहे, हे मला समोरच्या वकिलांच्या कैफियतीतून समजले. तोपर्यंत सहा महिने उलटून गेले होते आणि दुसरी नोटीस देऊन काहीही साधणार नव्हते. "वकीलसाहेब, शिक्का तर आहे की त्याच्यावर," असे म्हणत मावशी ती प्रत माझ्यासमोर पुन्हा पुन्हा उलगडून धरीत होत्या, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते.

कोल्हापुरात गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी विभागीय कार्यालये आहेत. घरफाळा (मालमत्ता कर), पाणीपट्टी, किरकोळ तक्रारी यांसाठी लोकांना तेथे जाण्याची सवय असते आणि नोटीसही हातासरशी तेथेच दिली जाते. ती मुख्य इमारतीतील आवक विभागातच द्यावी, पोच घेताना शिक्क्यावर कोणत्या कार्यालयाचे नाव आहे ते वाचावे, आणि शिवाय नोंदणीसह स्पीड पोस्टानेही एक प्रत पाठवावी. नोटीस चार ओळींत उरकू नये. जे कारण नोटिशीत लिहिलेले नाही, त्यावर पुढे पुरावा देता येत नाही, असे त्याच कलमात सांगितलेले आहे. म्हणून कोणत्या तारखेला, कोणत्या आदेशाने, काय केले आणि त्यामुळे नेमके काय नुकसान झाले, हे सर्व तेथेच यावे.

याच्याच शेजारची आणखी एक गफलत आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस शासनासाठी आणि शासकीय अधिकाऱ्यांसाठी असते. जिल्हाधिकारी किंवा भूमी अभिलेख खात्याचा अधिकारी प्रतिवादी असेल तर ती लागते, आणि खरोखर निकड असल्यास कलम ८० (२) खाली न्यायालयाची परवानगी घेऊन नोटिशीशिवायही दावा दाखल करता येतो. महापालिकेच्या कामात मात्र काही जण कलम ८० ची मुदत मोजत बसतात आणि इकडे सहा महिन्यांचा काटा पुढे सरकत राहतो. दाव्याच्या शीर्षकातही केवळ 'आयुक्त' असे लिहू नये. महापालिका ही स्वतंत्र कायदेशीर संस्था आहे आणि तिच्यावरचा दावा तिच्याच नावाने, आयुक्तांतर्फे, लावायचा असतो.

दुसरी मोठी चूक न्यायालयाच्या निवडीची. अनधिकृत बांधकामाची नोटीस हातात पडली की पक्षकार धावत येतो, आणि वकील त्याच संध्याकाळी पाडकाम थांबवण्यासाठी मनाईच्या दाव्याचा मसुदा लिहायला घेतो. परंतु महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६० किंवा ४७८ खाली पदनिर्देशित (या कामासाठी नेमलेल्या) अधिकाऱ्याने दिलेली नोटीस वा आदेश दाव्यात आव्हानित करण्यास कलम ४३३अ ने प्रतिबंध केला आहे, आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ मध्येही तसाच प्रतिबंध आहे. आदेश मुळातच अधिकाराबाहेरचा किंवा शून्यवत असल्याचा मुद्दा असेल, तर तो दाव्यात ठळकपणे आणि घटनांसह मांडावा लागतो. 'नोटीस बेकायदेशीर आहे' एवढ्या वाक्यावर अधिकारक्षेत्राचा आक्षेप परतवता येत नाही. त्याआधी करण्याजोगे काम वेगळे आहे. कारणे दाखवा नोटिशीला मुदतीत, कागदपत्रांसह लेखी उत्तर द्यावे. नोटीस नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खालची असेल, तर बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ प्रमाणे परवानगीचा अर्ज मुदतीत करावा. मात्र पंचगंगेच्या पूररेषेतील बांधकामाबाबत पक्षकाराला खोटी आशा दाखवू नये. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या या शहरात निळ्या पूररेषेच्या आतील बांधकाम अर्ज केला म्हणून नियमित होईल, असे सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

अशा आदेशाला थेट उच्च न्यायालयात आव्हान देणाऱ्या रिट याचिकेसाठी पूर्वी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरातच, भाऊसिंगजी रोडवरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत, सुरू झाले आहे. सहा जिल्ह्यांतील वकिलांनी चार दशकांहून अधिक काळ लावून धरलेली मागणी त्याने पूर्ण झाली, आणि त्याचा आनंद माझ्याइतकाच प्रत्येक पक्षकाराला आहे. पण अंतर कमी झाले म्हणून प्रत्येक वाद तेथे नेण्याची घाई करू नये. भिंत कोणाच्या हद्दीत आहे, बांधकाम कोणत्या साली झाले, असे वस्तुस्थितीचे वाद साक्षीपुराव्याशिवाय सुटत नाहीत आणि त्यांची जागा दिवाणी न्यायालयच आहे.

मिळकतीच्या वर्णनाकडे येतो. आपल्याकडे जुन्या खरेदीपत्रात रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर), मिळकत पत्रिकेत वॉर्डासह सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) आणि घरफाळ्याच्या पावतीवर तिसराच क्रमांक असतो. वकील यांपैकी हाताला येईल तो कागद घेऊन वर्णन उतरवून काढतो, चतुःसीमा तीस वर्षांपूर्वीच्या दस्तातल्या तशाच ठेवतो, आणि न्यायालयाने पाहणीसाठी नेमलेला कोर्ट कमिशनर जागेवर गेल्यावर 'पूर्वेस बोळ' असे लिहिलेल्या ठिकाणी दुमजली घर उभे असते. मी आता मसुदा लिहिण्यापूर्वी टेप घेऊन जागेवर जातो, मंजूर नकाशा तेथेच उलगडतो आणि भिंतीमागून भिंत पडताळतो. मोजणी नकाशा नसेल तर आधी मोजणीचा अर्ज करायला सांगतो. घरफाळ्याची पावती मालकी हक्काचा पुरावा म्हणून पुढे करू नये. ती कर भरल्याचे दाखवते, फार तर कब्जाला दुजोरा देते.

घरफाळ्याच्या आकारणीविरुद्ध साधा दावा लावणे हीही नेहमीची चूक आहे. आधी आयुक्तांकडे तक्रार, आणि नंतर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली पंधरा दिवसांत, मागणीची रक्कम भरून, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे अपील, असा त्याचा मार्ग आहे.

निशाणी ५ चा अर्ज, म्हणजे दाव्याचा निकाल होईपर्यंतच्या तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, हा अशा कामाचा जीव असतो. त्यात आधीची नोटीस, आधी दिलेले उत्तर किंवा फेटाळलेला परवानगी अर्ज लपवला, तर पहिल्याच तारखेला तो कागद समोरून दाखल होतो आणि न्यायालयाचा विश्वास उडतो. एकतर्फी, म्हणजे प्रतिवादीला ऐकण्यापूर्वीच, मनाई मिळाली, तर दावा, शपथपत्र व कागदांच्या प्रती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्रतिवादीला पाठवून तसे शपथपत्र दाखल करावे लागते. आदेशाच्या आनंदात हे राहून जाते आणि समोरचा वकील तेवढ्याच मुद्द्यावर मनाई उठवून मागतो.

वकिलीची सनद घेऊन नुकतेच या कामात आलेल्यांसाठी एक बाब राहिली. महापालिकेच्या पॅनेलवर असताना ज्या कामात सल्ला दिला किंवा कैफियत लिहिली, त्याच वादात पुढे नागरिकाचे वकीलपत्र घेता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांत तशी स्पष्ट मनाई आहे. शहर लहान आहे, पक्षकार ओळखीचे असतात आणि नकार देणे अवघड जाते. यासाठी मी पॅनेलवरील प्रत्येक कामाची पक्षकार, सि.स.नं. आणि वर्ष अशी वेगळी वही ठेवली होती. आजही महापालिकेविरुद्धचे नवे काम आले की, वकीलपत्रावर सही घेण्यापूर्वी ती वही काढून पाहतो.